पहिल्या तासाची हवा

जांबोटीच्या पुढे, डांबर संपतं तिथे
लुमाण्णा जांभळीवर चढला.
कमरेला आज कोयता नाही.
पारदर्शक पिशवी, लांब नळी,
आणि खालून माझा ओरडा:
पान दुखवू नका, फांदी आहे तशी राहू दे.

हे त्याला आठवडाभर पटत नव्हतं.
जन्मभर फांदी वाकवून जांभळं उतरवली,
आता फांदीला पिशवी चढवून
काहीच उतरवायचं नाही?
"हवा उतरवायची," मी म्हटलं.
"हवा तर हितं फुकट हाय की ओ."

पंप घुमतो, डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा.
मिनिटाला दोनशे मिलिलिटर.
पोलादी नळीतल्या भुकटीला चिकटून राहतं
पानानं उन्हात सोडलेलं काहीबाही:
आयसोप्रीन, पायनीन,
बाकीच्यांची नावं बेंगळुरूचं यंत्र सांगेल
पंधरा दिवसांनी.

पहिल्या तासाची हवा टाकून द्यायची.
हात लागला की पान जरा जास्तच बोलतं,
निवलं की खरं.
हे मात्र लुमाण्णाला लगेच पटलं.
"पाहणीवाले आले की गावबी तसंच बोलतंय
पहिल्या दिवशी."

मग ऊन किती, उष्मा किती,
वाळलेल्या पानांचं वजन ग्रॅममध्ये.
हातभर फांदीवरून झाड,
झाडावरून रान,
रानावरून नकाशातला एक चौकोन.
त्याचा एक कोपरा गोव्यात सांडतो,
दुसरा चंदगडाकडे कलतो.
गणिताला चेकपोस्ट दिसत नाही.

कुंभ्याचा आकडा माझ्या तक्त्यात नव्हता.
अशा वेळी उसना घ्यायचा,
समुद्रापलीकडच्या एखाद्या चुलत झाडाचा,
आणि शेजारी बारीक लिहायचं: गृहीत.
अशी एकोणीस गृहीतं पाठीवरच्या पिशवीत घेऊन
मी चढण चढते, कुंभा दिसला की
त्याच्याकडे बघायचं टाळते.

चन्नबसू वनरक्षक. झाडं तो कानडीत टिपतो,
ऐन म्हणजे मत्ती, जांभूळ म्हणजे नेरळे,
हिरडा अळले.
त्याचा कागद मी माझ्या कागदाला जोडला
आणि रात्री कंकुंबीच्या खोलीत बेरीज मारली.
रान दुप्पट श्वास सोडत होतं.

तासभर मी खूश होते.
मग दिसलं, एकच झाड
दोन नावांनी दोनदा उभं आहे.
सकाळी खोडायला बसले
तर पेन्सिल थांबली. कुठलं खोडू?
चन्नबसू चहा ओतत होता,
लुमाण्णा बिडी शोधत होता.
दोन्ही खोडली. लॅटिन लिहिलं.
कुणीच भांडलं नाही.
कुणाला वाचताही आलं नाही.

अंधारात जांभळीचं आयसोप्रीन थांबतं.
निलगिरी थांबत नाही,
साठवलेलं झिरपत राहतं रात्रभर.
परतीच्या वाटेवर बॅटरी विझली
तर लुमाण्णा नाक वर करून पुढे झाला:
"निलगिरीचं प्लाट आलं. डावीकडं वळा.
आता काजू. आता आमचं गाव."
एकदाही चुकला नाही.
माझ्या आकड्यात तिपटीपर्यंत चूक धरलेली असते.

"मग हे बरोबर की नाही?" चन्नबसूनं विचारलं.
अंदाज आहे, म्हटलं.
"अंदाजु," तो म्हणाला, आणि मान डोलावली.
एवढा एक शब्द खोडावा लागला नाही.

शेवटच्या दिवशी पिशवी उतरवली.
आत दोन थेंब, एक मुंगी.
लुमाण्णानं तोंड आत घालून हुंगलं.
"वास न्हाई की."
नसतोच एवढ्यात, मी म्हटलं.
तो पिशवीची घडी घालत राहिला,
चारदा, आठदा,
मग म्हणाला, "आन ती पयल्या तासाची हवा?
ती कुठं टाकला तुम्ही?"

मी इकडेतिकडे पाहिलं.
इथेच.